आजीच्या आजीचं माहेर

गटाच्या बैठकीला बसलाच आहात आणि वही-पेन हाताशी आहे, तर आधी एक छोटं काम करू. वहीच्या पानावर स्वतःचं नाव लिहा. त्याच्याखाली आईचं आणि वडिलांचं नाव लिहा. आणखी खाली चारही आजी-आजोबांची नावं लिहा. आता प्रत्येक नावापुढे त्या माणसाचं जन्मगाव लिहा.

आजोबांची नावं भराभर लिहून होतात. पणजोबांचंही नाव कुणाला तरी आठवतं, कारण ते सातबाऱ्यावर असतं. पेन अडतं ते आजीपाशी. आजीचं सासरचं नाव माहीत असतं. पण लग्नाआधी तिला काय म्हणून हाक मारत होते? तिचं माहेर कोणत्या तालुक्यात? तिला बहिणी किती आणि त्या कुठल्या गावात दिल्या? तिथं पानावर कोरी जागा राहते. आजीच्या आईचा कप्पा तर बहुतेकींचा पूर्ण रिकामा राहतो.

आजचं बोलणं या कोऱ्या जागेबद्दल आहे. आपण ज्यांना ‘दूरचे नातेवाईक’ म्हणतो, ते बहुतेक वेळा एखाद्या बाईच्या बाजूचे असतात. आजीच्या बहिणीची मुलं, पणजीच्या भावाची नातवंडं, आत्याच्या लेकीच्या लेकी. रक्ताच्या हिशेबानं ही माणसं चुलत घराण्याइतकीच जवळची आहेत. मधल्या बाईचं नाव लिहून ठेवलं गेलं नाही, म्हणून ती दूर गेली. ते नाव सापडलं की नातं पुन्हा जवळ येतं. आपल्या खानदेशात ही नावं कुठं जपली गेली, कुठं गळाली आणि आज आपण ती कशी शोधू शकतो, ते पाहू.

घरोघरच्या वह्या

आपल्याकडे वंशाची आठवण ठेवायची रीत जुनी आहे. श्रावणात कानबाई बसते. तिच्या रोटांसाठी भाऊबंद एकत्र येतात. अनेक घरांत घरातल्या पुरुषांच्या नावानं सव्वा-सव्वा मूठ धान्य काढतात. नीट पाहिलं तर ही एक प्रकारची शिरगणतीच आहे. कोणत्या घरात किती माणसं, कोण नवीन जन्मलं, कोण वेगळं निघालं, सगळा हिशेब त्या मुठींत असतो. कागद नाही, शाई नाही, तरी पिढ्यानपिढ्या भाऊबंदकी लक्षात राहते.

दुसरी रीत भाटाची. लेवा पाटीदार, गुजर, राजपूत अशा समाजांत काही वर्षांच्या अंतरानं भाट गावात येतो. त्याच्याजवळ घराण्याची वही असते. तो मागच्या पिढ्यांची नावं वाचून दाखवतो, मूळ गाव सांगतो आणि मधल्या काळात जन्मलेल्या मुलांची नावं लिहून घेतो. घरचे त्याला दक्षिणा देतात, मानानं जेवू घालतात. तिसरी वही तीर्थाच्या ठिकाणी असते. नाशिकला आणि त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांकडे गावागावांची नामावळी असते. आपले आजोबा दशक्रियेला किंवा कुंभमेळ्याला तिथं गेले असतील, तर त्यांचं नाव, गाव आणि बरोबर आलेल्या माणसांची नावं तिथं सापडू शकतात.

या वह्यांनी मोठं काम केलं आहे. पण त्यांची मांडणी बघा. बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू, अशी ती उतरत जाते. सुनेचं नाव किंवा तिच्या माहेरचं कूळ कधी येतं, कधी येत नाही. मुलगी मात्र बहुतेक ठिकाणी लग्नानंतर वहीतून बाहेर पडते. माहेरच्या वहीला ती परक्याची आणि सासरच्या वहीला ती बाहेरून आलेली. म्हणून चुलत-चुलत भाऊ सात पिढ्यांनंतरही ओळखू येतो आणि सख्ख्या मावशीची नात बसमध्ये शेजारी बसली तरी ओळखू येत नाही.

सरकारी कागदांत बाई कुठं दिसते

आता सरकारी दप्तराकडे वळू. जन्म-मृत्यूची नोंद गावात कोतवाल ठेवत असे. कोतवाल बुक किंवा गाव नमुना नंबर १४ म्हणतात ते हेच. जुनी पानं बरीचशी मोडी लिपीत आहेत. कोणत्या तारखेला, कोणाच्या घरी, मुलगा की मुलगी, ते त्यात सापडतं. मात्र अनेक नोंदींत मुलीचं नावच नसतं. बापाचं नाव लिहून पुढे फक्त ‘मुलगी’ एवढंच असतं. बारशाआधी नोंद झाली की नाव सुटायचं आणि नंतर ते भरायला कुणी जात नसे.

दुसरा कागद शाळेचा. शाळेच्या जनरल रजिस्टरला दाखल-खारीज रजिस्टर असंही म्हणतात. त्यात मुलाचं नाव, वडिलांचं नाव, जात, जन्मगाव आणि जन्मतारीख असते. आजी दोनच वर्षं शाळेत गेली असली तरी तिचं माहेरचं पूर्ण नाव त्या रजिस्टरात असतं. मुख्याध्यापकांकडे अर्ज केला की उतारा मिळतो. आजी शाळेत गेली नसेल, तर तिच्या भावाचं नाव शोधा. भाऊ सापडला की आजीच्या वडिलांचं नाव आणि गाव पक्कं होतं.

तिसरा कागद फेरफाराचा, म्हणजे गाव नमुना ६. शेतमालक वारला की वारसांची नोंद होते. १९५६ चा हिंदू वारसा कायदा आल्यावर वडिलांच्या मागे मुलीलाही वारस म्हणून हक्क मिळाला. त्यानंतरच्या फेरफारांत बायको, मुलगे आणि मुली अशी नावं अधिक दिसू लागतात. लग्न झालेल्या मुलीच्या नावापुढे तिचं सासरचं नाव आणि गावही लिहिलेलं असतं. एका फेरफारावरून चार बहिणींची चार गावं कळू शकतात. जुने सातबारे आणि फेरफार तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. त्यांतले बरेच आता स्कॅन करून संगणकावरही घेतलेले आहेत.

इथं एक गोष्ट मनाला लागते. आपल्या आया-आज्यांचं पूर्ण नाव, वय, सासरचं गाव आणि अंगठा, हे सगळं एकाच ठिकाणी नीट लिहिलेला कागद बऱ्याचदा हक्कसोडपत्र असतो. बहिणीनं भावासाठी जमिनीवरचा हक्क सोडला, त्या दिवशी तिचं नाव सर्वांत स्वच्छ अक्षरात लिहिलं गेलं. पणजीच्या बहिणी शोधायच्या असतील तर हक्कसोडपत्रं जरूर बघा. आणि बघताना तो कागद कशासाठी झाला होता, हेही लक्षात ठेवा.

हा शोध कशाला?

काही जणी म्हणतील, जुनी नावं शोधून पोट भरतं का? उत्तर साधं आहे. या नावांवर आजचे व्यवहार अडतात.

पहिला व्यवहार जातपडताळणीचा. राखीव जागेवरून ग्रामपंचायतीला उभी राहणारी बाई असो की प्रवेशासाठी धडपडणारी मुलगी असो, वंशावळ आणि जुना पुरावा लागतो. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा आणि अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा. लग्न झालेल्या बाईला हे कागद वडिलांकडचे लागतात, नवऱ्याकडचे चालत नाहीत. माहेरी आई-वडील राहिले नाहीत, भावाशी बोलणं नाही, अशा वेळी चुलत आजोबांच्या नातवाकडे असलेला शाळेचा एक दाखला कामाचा ठरतो. त्या नातवाचा पत्ता माहीत हवा ना?

दुसरा व्यवहार वारसाचा. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानंच मुलाइतका हक्क आहे. वडील त्या तारखेला हयात असण्याची अट नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केलं. आदिवासी आणि मुस्लिम कुटुंबांना वारशाचे वेगळे नियम आहेत. पण एक गोष्ट सगळ्यांना सारखी आहे. वंशावळीत मुलगी दाखवलीच नाही, तर पुढं तिला आपण त्या घरची आहोत हेच आधी सिद्ध करत बसावं लागतं.

तिसरी गोष्ट तब्येतीची. धुळे-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे. हा आजार मुलाला होतो तेव्हा तो आई आणि वडील अशा दोन्ही बाजूंनी आलेला असतो. फक्त वडिलांच्या बाजूची वंशावळ ठेवली तर अर्धं चित्र झाकलेलं राहतं. आईच्या बाजूला कोण लहानपणी वारलं, कुणाला वरचेवर सांधे दुखून दवाखान्यात न्यावं लागे, हे माहीत असेल तर लग्नाआधी तपासणी करून घेण्याचं भान येतं.

बायांच्या आठवणीतला इतिहास

कागदात बाई कमी असली, तरी बाईच्या आठवणीत सगळं घर असतं. हे आपल्या मातीतल्या एका उदाहरणावरून सांगते.

बहिणाबाई चौधरी १८८० मध्ये जळगावजवळच्या आसोद्याला महाजनांच्या घरी जन्मल्या. वडील उखाजी, आई भिमाई. तीन भाऊ होते, घमा, गना आणि घना. तीन बहिणी होत्या, अहिल्या, सीता आणि तुळसा. वयाच्या १३ व्या वर्षी बहिणाबाई जळगावच्या नथूजी चौधरींच्या घरी सून म्हणून आल्या. तिशीत विधवा झाल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, चुलीपुढं त्या रचत गेल्या आणि त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी त्यातलं जमेल तेवढं टिपून ठेवलं. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. १९५२ मध्ये पुस्तक निघालं आणि महाराष्ट्राला एक मोठी कवयित्री मिळाली.

यात दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक, टिपून घेणाऱ्या दोघांतला एक जण मावसभाऊ होता, म्हणजे बाईच्या बाजूचं नातं. दुसरी, आज आपल्याला बहिणाबाईंच्या बहिणींचीही नावं माहीत आहेत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी खानदेशात शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या किती मुलींची नावं अशी टिकली? अहिल्या, सीता, तुळसा टिकल्या, कारण त्यांच्या एका बहिणीचं बोलणं कुणीतरी लिहून घेतलं. आपल्या घरच्या म्हातारीचं बोलणं कविता नसेल. पण लिहून घेतलं नाही, तर तिच्याबरोबर तिच्या बहिणीही जातात.

गाण्यांतही असंच धन आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. गाणाऱ्या बाईचं नाव आणि गावही टिपलं. माहेरची वाट, भावाचं येणं, आईची आठवण, बहिणीचं गाव, हे ओव्यांचे नेहमीचे विषय. आपल्याकडे आखाजीच्या झोक्यावरची अहिराणी गाणी आहेत, हळदीची गाणी आहेत. हळदीच्या गाण्यांत तर घरच्या माणसांची नावं घालायची रीत आहे. म्हातारीला सरळ प्रश्न विचारून आठवत नाही ते कधीकधी गाणं म्हणताना आठवतं.

आणखी एक अडचण आणि तिचा उपाय. जुन्या बाया नवऱ्याचं, सासऱ्याचं नाव तोंडानं घेत नाहीत. मग नाव विचारलं की हसून गप्प बसतात. अशा वेळी उखाणा घ्यायला सांगा. नाव आपोआप बाहेर येतं.

खानदेश कसा वाटला गेला

नातेवाईक विखुरण्याला आपल्या मुलखाचा इतिहासही कारण आहे. तो ठाऊक असला की शोध सोपा होतो.

इंग्रजी अमलात पूर्वी सगळा मिळून एकच खानदेश जिल्हा होता आणि त्याचं मुख्य ठाणं धुळं होतं. १९०६ मध्ये त्याचे दोन जिल्हे झाले. जळगावकडचा पूर्व खानदेश आणि धुळ्याकडचा पश्चिम खानदेश. महाराष्ट्र राज्य झाल्यावर जळगाव आणि धुळे ही नावं आली. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. त्यामुळे पणजोबांच्या कागदावर ‘जिल्हा खानदेश’ दिसलं तर तो १९०६ च्या आधीचा असण्याची शक्यता मोठी. ‘पूर्व खानदेश’ दिसलं तर गाव आजच्या जळगाव जिल्ह्यात शोधा. ‘पश्चिम खानदेश’ दिसलं तर धुळे आणि नंदुरबार, दोन्हीकडे पाहा.

हद्दीही हलल्या. १९६० मध्ये मुंबई राज्याचे महाराष्ट्र आणि गुजरात असे दोन भाग झाले, तेव्हा पश्चिम खानदेशातली काही गावं गुजरातच्या सुरत जिल्ह्यात गेली. बहीण गुजरातेत आणि भाऊ महाराष्ट्रात, दोघांच्या कागदांची भाषा वेगळी, असं झालं. पुढे तापीवर उकाई धरण झालं, नर्मदेवर सरदार सरोवर झालं आणि पाण्याखाली गेलेल्या गावांतली माणसं नव्या वस्त्यांत पांगली. तिकडे बऱ्हाणपूर एकेकाळी खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी होतं, आज ते मध्य प्रदेशात आहे. रावेर-यावलकडच्या कित्येक घरांच्या सोयरिकी अजूनही तिथं आहेत.

आणि सुरत! तापीच्या काठानं सुरतेहून अमळनेरकडे येणारी रेल्वे १९०० च्या सुमारास झाली. पुढं त्याच वाटेनं आपली माणसं कामाला गेली. कापडाच्या कारखान्यांत, हिऱ्याच्या घंट्यांवर. उधना, लिंबायत या भागांत आज अहिराणी सहज कानावर पडते. तिथं जन्मलेल्या मुलांना आजोबांचं गाव नावानं माहीत असतं, पण गावात कुणाला भेटायचं ते माहीत नसतं. त्यांनाही आपला शोध हवा असतो. आपण इकडून शोधतो, ते तिकडून शोधतात. मधली एक आत्या सांगायला राहिली नाही, म्हणून भेट होत नाही.

समुद्रापलीकडचं उदाहरण

नाव लिहून ठेवण्याचं मोल किती, ते मॉरिशसच्या मराठी माणसांकडून शिकावं. १८३४ पासून पुढं सत्तर-पंच्याहत्तर वर्षं इंग्रजांनी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर मॉरिशस बेटावर उसाच्या मळ्यांत नेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोकही होते, विशेषतः कोकणातले आणि साताऱ्याकडचे. हाल फार झाले. पण सरकारला मजुरांचा हिशेब हवा होता, म्हणून उतरलेल्या प्रत्येक माणसाला नंबर दिला गेला. नाव, वय, गाव, जिल्हा, जहाज, अंगावरची खूण असं सगळं रजिस्टरात लिहिलं गेलं. १८६० च्या दशकापासून फोटोही काढले गेले.

ती रजिस्टरं आज मॉरिशसमध्ये मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. तिथले पाचव्या-सहाव्या पिढीतले लोक आपल्या पूर्वजाचा नंबर शोधतात, कागद काढतात आणि गावाचं नाव हाती धरून महाराष्ट्रात येतात. बाईलाही तिथं स्वतःचा नंबर होता आणि स्वतःची नोंद होती. ती नोंद मायेपोटी झाली नव्हती, मळ्याच्या हिशेबापोटी झाली होती. तरी तिच्या खापरपणतीला आज तिचं नाव आणि कुणाकुणाला तर तिचा चेहराही सापडतो. साता समुद्रापलीकडं नेलेल्या मजूर बाईचं नाव सापडतं आणि पंधरा कोसांवर दिलेल्या आपल्या पणजीचं सापडत नाही. कुणीतरी लिहिलं आणि कुणीतरी लिहिलं नाही, एवढाच फरक.

गटानं कसं करायचं

धुळ्याला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचं १९२६ मध्ये निधन झालं. आयुष्यभर हा माणूस गावोगाव फिरून लोकांच्या माळ्यावरचे, पेटाऱ्यांतले जुने कागद गोळा करत होता. त्यातून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ १९२७ पासून धुळ्यात आहे. त्यांची शिकवण आपल्या उपयोगाची आहे. घरातला कागद रद्दीत टाकू नये आणि कागद पाहिल्याशिवाय नुसत्या ऐकीव गोष्टीवर विसंबू नये. आपण त्याला एक जोड देऊ. जिथं कागदच नाही, तिथं दोन-तीन म्हाताऱ्यांच्या आठवणी ताडून पाहाव्यात.

प्रत्येकीनं एक वेगळी वही करावी. एका बाईला एक पान. पानावर चार ओळी तरी हव्यात. माहेरचं नाव, सासरचं नाव, जन्मगाव, दिलेलं गाव. लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत होती, म्हणून दोन्ही नावं लिहायचीच. नाही तर शाळेतली एक आणि फेरफारातली दुसरी, अशा दोन बाया आहेत असं वाटतं आणि असते ती एकच.

वर्ष आठवत नसेल तर खुणेनं विचारा. बहात्तरच्या दुष्काळात तू केवढी होतीस? सुकडी खाल्लेली आठवते का? गांधीजी गेले तेव्हा लग्न झालं होतं का? थोरला मुलगा धरणाच्या आधीचा की नंतरचा? अशा दोन खुणांच्या मधे जन्मसाल बरोबर पकडता येतं. एकाच बैठकीत सगळं विचारू नका. शेंगा फोडता फोडता, पापड लाटता लाटता विचारा. आजी अहिराणीत बोलत असेल तर अहिराणीतच विचारा, ‘तुनं माहेर कोनतं शे?’ आणि तिनं सांगितलं तसंच तिच्या शब्दांत लिहा. परवानगी घेऊन फोनवर आवाज भरून ठेवा.

मग घरातली लग्नपत्रिका, आहेराची वही, जुने फोटो बघा. आहेराच्या वहीत कोणत्या गावाहून कोण आलं होतं, ते लिहिलेलं असतं. चाळीस वर्षांपूर्वी पातळ आणि पाच रुपये आहेर केलेली ती बाई कोण, हे विचारलं की एक नवी फांदी फुटते. फोटोच्या मागे पेन्सिलनं नावं लिहा. नंतर शाळेचं रजिस्टर, कोतवाल बुक आणि फेरफार. जुना कागद मोडीत निघाला तर मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या. गटात एखादीची मुलगी मोडी शिकली, तर सगळ्या गावाचं काम होईल.

गटाचा मोठा फायदा असा की आपण सगळ्या जणी वेगवेगळ्या गावांहून आलेल्या आहोत. वीस बाया म्हणजे वीस माहेरं. एकीला पारोळ्याकडचं गाव शोधायचं असेल तर दुसरीचा भाऊ तिथं असतो. साक्रीकडची माहिती हवी असेल तर तिसरीची मावशी असते. संशोधकाला महिने लागतात ते काम आपल्याकडे दोन फोनमध्ये होतं.

एक काळजी मात्र घ्यायची. जुनं उकरताना दुखणी निघतात. कुणाचा पाट लागला होता, कुणाला टाकून दिलं होतं, कुणाचं मूल दुसऱ्या घरात वाढलं. सांगणारीनं ‘हे लिहू नको’ म्हटलं तर लिहायचं नाही. जिवंत माणसाची जन्मतारीख, आधार नंबर, जमिनीचा कागद व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकायचा नाही. नवीन नातेवाईक सापडला की पहिल्याच फोनला जमिनीचं काढू नका. आधी आजीचं नाव सांगा, तिच्या गोष्टी सांगा. माणूस जोडला गेला की पुढचं बोलायला वेळ आहे.

आता रीत बदलते आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदावर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असं लिहायचं ठरलं आहे. आज जन्मणाऱ्या मुलीच्या पणतूला तिच्या आईचं नाव शोधत हिंडावं लागणार नाही. पण जी नावं त्याआधीची आहेत ती लिहायला कोणतंच सरकार येणार नाही. ती आपल्या म्हाताऱ्यांच्या तोंडात आहेत आणि म्हाताऱ्या थोड्या दिवसांच्या सोबती आहेत.

आखाजीला आपण पितरांच्या नावानं घागर भरतो, निखाऱ्यावर घास टाकतो आणि त्याच दिवसांत लेकी माहेरी आलेल्या असतात. आत्या, भाच्या, बहिणी सगळ्या एका अंगणात असतात. येत्या आखाजीला दुपारी झोका बांधून झाला की त्यांच्यात वही घेऊन बसा. प्रत्येकीला तिच्या आजीचं माहेर विचारा आणि नावं लिहा. आणि पितरांना घास टाकताना आजोबा-पणजोबांच्या बरोबरीनं जी नवी नावं सापडली असतील, तीही घ्या. पणजीचं नाव घ्या, तिच्या आईचं घ्या. घरातल्या पोरींना ती ऐकू द्या. राम राम.